सात नंबर थंड असतो

कुडचड्याच्या हॉलात रॅकमागे जागा एवढीच
की श्वाससुद्धा आडवा घ्यावा.
आठ ॲम्प्लिफायर एकावर एक,
पंख्यांच्या पात्यांवर खाणीची लाल पूड.
ट्रक थांबून वर्षं झाली, पूड काही उतरली नाही.

मेन बंद केला. दहा मिनिटं बसून राहिले
कपॅसिटरमधला राग निवेपर्यंत.
मग मागची पत्र्याची पट्टी, दोन स्क्रू,
खाचेत कार्ड, आणि अंगठ्याने दाबताना
ते बारीकसं टक्.
या टक् साठी मी हे काम करते, असं एकदा घरी बोलले.
आई म्हणाली, ते ठीक, पण देतात किती?

केबलच्या टोकाशी आठ तारा.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा,
इथे हाताला वाटतं आता हिरवाच,
पण नाही, निळा.
कायतानबाब स्टुलावरून बघत होते :
"वेणी घालतेस बाये, की सोडतेस?"

एकतीस वर्षं त्यांची पद्धत एकच.
तियात्र असो की नाटक,
दुसऱ्या अंकाआधी प्रत्येक ॲम्पवर तळहात ठेवायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"तीन नंबर तापट. पाचाला कांतारात घाम फुटतो.
सात नंबर सामको गुणी. सदांच थंड."

मी एकेकाला पत्ता दिला, अकरापासून अठरापर्यंत.
चुकून दोघांना चौदा दिला गेला :
हाक मारली की दोघेही ओ द्यायचे
आणि मग दोघेही गप्प,
एका वर्गात दोन दामोदर असल्यासारखे.
ते निस्तरण्यात दुपार गेली.

चार वाजता पडद्यावर आठही दिवे हिरवे.
तापमान, व्होल्टेज, भार.
सातव्याच्या भाराच्या रकान्यात
आकडा नव्हता. नुसती आडवी रेघ.
कार्ड बदललं. रेघ.
केबल बदलली. रेघ.

शेवटी शिडी घेऊन बाल्कनीच्या मागे चढले.
स्पीकरचा खिळा हिरवा पडलेला, आत मुंग्यांचं घर,
आणि तारेचं टोक चिऱ्याच्या भिंतीला चिकटून
रंगाखाली गाडलेलं.
नखाने खरवडलं : वर निळा, खाली पिवळा.
"पिवळा कधी दिला होता?"
कायतानबाब खालून बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "चेडू शाळेत होतं माझं."
चेडू आता स्विंडनला. तिचं चेडू शाळेत.

म्हणजे इतकी वर्षं सात नंबर
सगळी भांडणं, सगळी गाणी, मरतानाचे सगळे संवाद
घेत होता आणि हवेत सोडत होता.
बाल्कनीतल्या कुणी तक्रार केली नाही.
लोक पुढे वाकून ऐकायचे
आणि घरी जाताना आपल्या वयाला दोष द्यायचे.
शेवंती चणेकारीण, धंदा आटोपून
वरच्या शेवटच्या बाकावर बसणारी,
मडगावला दोनदा कान तपासून आली.
दुसऱ्यांदा यंत्र घेऊन.

नवी तार ओढली. टोकं घासली.
रेघेच्या जागी आठ ओम, थोडे कमी.
चाचणीचा आवाज सोडला. नाव त्याचं गुलाबी,
कानाला मात्र कढईत रेती परतल्यासारखा.

कायतानबाब रॅकमागे शिरले, माझ्या आडव्या जागेत.
सातव्यावर तळहात ठेवला.
पडद्यावर एकतीस अंश, मग चौतीस.
त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.
हात काढला, पँटला पुसला,
पुन्हा ठेवला.

संध्याकाळच्या खेळाला अजून दोन तास होते.
शेवंती टोपली टेकवायला जिन्यात आली
आणि पायरीवरच थांबली, मान वर करून :
"वयर चणे कोण भाजता गो?"